पांढरीला रबाळ्यापर्यंत पोचवताना

सकाळी कामोठ्यातून निघालो तेव्हा सोसायटीचा वॉचमन नेहमीसारखाच गेट उघडून उभा होता. ही गाडी आता परत येणार नाही, हे त्याला आम्ही सांगितलं नव्हतं. यांनी हात वर केला, त्यानंही केला आणि आम्ही रस्त्याला लागलो.

आजवर मी प्रवासाबद्दल लिहिलं ते लांबच्या गावांबद्दल. नागपूर, बोधगया, एकदा केरळ. कामोठे ते रबाळे हे काही लिहिण्याजोगं अंतर नाही. नवी मुंबईतल्या नवी मुंबईतच जायचं, हायवेनं तुर्भ्यापर्यंत, तिथून ठाणे-बेलापूर रस्त्यानं पुढं. पण त्या सगळ्या प्रवासांत मिळून मी जेवढी घाबरले नसेन, तेवढी या एका सकाळी घाबरले.

गाडीचं नाव पांढरी. आमची मुलगी प्रज्ञा शाळेत होती तेव्हा घेतलेली, यांच्या भावकीतली पहिली चारचाकी. परभणीकडं गावी नेली तेव्हा समाजमंदिरासमोर लावली होती. यांचे काका दिवसभर तिच्या सावलीला बाज टाकून बसून राहिले, कुणी हात लावू नये म्हणून. हे रबाळ्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर होते, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोघंही निवृत्त झालो, प्रज्ञा पुण्याला गेली, पांढरी मात्र राहिली. ती राहिलीही असती, पण यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला.

डॉक्टर म्हणाले होते, "समोरचं चांगलं दिसतं यांना, पण बाजूचं बरंच गेलंय. गाडी चालवणं आजपासून बंद." यांना ते पटलंच नाही. घरी आल्यावर खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून दाखवली. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंही वाचली. "मला दिसत नाही म्हणता, मग हे कोण वाचतंय?" त्यानंतरचे महिने घरात कसे गेले ते लिहीत नाही. शेवटी प्रज्ञानं मोबाइलवर जाहिरात टाकली, आणि रबाळे स्टेशनपलीकडच्या खाडीकाठच्या गावातल्या जयवंतीताईंनी गाडी पसंत केली. त्या कंपन्यांमध्ये जेवणाचे डबे पुरवतात. हे विकायला तयार झाले, पण एका अटीवर. गाडी तिथवर नेऊन द्यायची ती यांनीच. मला ड्रायव्हिंग येत नाही. शेजारचा मुलगा न्यायला तयार होता, त्याला यांनी परस्पर नको म्हणून सांगितलं. मी इतकी थकले होते की हो म्हणून गेले.

हायवेला लागेपर्यंत बरं चाललं होतं. सकाळचं ऊन खारघरच्या डोंगरावर आलं होतं, रस्ता मोकळा होता. हे खुशीत होते, पुढच्या ट्रकच्या पाठीवरची अक्षरं मोठ्यानं वाचत होते. "आईचा आशीर्वाद. बघ, इथून वाचलं." मी हो म्हटलं. माझं लक्ष डावीकडं होतं.

खारघर सोडलं आणि डावीकडून एक मोटारसायकल आमच्या बरोबरीनं आली. मागं बसलेल्या बाईची ओढणी माझ्या खिडकीला लागेल इतकी जवळ. नेमकी त्याच वेळी पांढरी डावीकडं सरकू लागली.

"अहो, डावीकडं!"

यांनी स्टिअरिंग ओढलं. मोटारसायकल पुढं निघून गेली, त्या बाईनं मान वळवून आमच्याकडं पाहिलं.

"कशाला ओरडायलीस?" हे म्हणाले. "दिसायलंय मला."

इतकी वर्षं इथं काढून यांची बोली पुसट झाली आहे. मनावर ताण आला की ती परत येते. ते मला माहीत होतं, म्हणून मी आणखीच घाबरले.

त्यानंतर मी बोलायची रीत बदलली. ओरडायचं नाही, नुसतं सांगत राहायचं. डावीकडं बस आहे. बस गेली. डावीकडून रिक्षा घुसतेय. आता मोकळं आहे. बेलापूर गेलं, नेरूळ गेलं, मी बोलतेच आहे. मी थांबले की यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून थोडा उचलला जायचा. ते माझ्या लक्षात आलं. याचा अर्थ, हे माझ्या बोलण्यावर गाडी चालवत होते.

"जरा थांबू या का? चहा घेऊ," मी म्हटलं.

"तिथं पोचल्यावर."

तुर्भ्याला हायवे सोडला आणि ट्रकांच्या गर्दीत शिरलो. तुर्भ्याचा रस्ता मला कधीच आवडला नाही. दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती, भिंतींना लागून उभे ट्रक, दोन ट्रकांच्या फटीतून कुठूनही बाहेर येणारी माणसं. रसायनाचा उग्र वास काच लावली तरी आत येतो. मी सांगत होते, पण सांगायला इतकं होतं की तोंड पुरेना.

एका कंपनीच्या गेटातून लांबलचक ट्रेलर मागं मागं रस्त्यावर येत होता. रस्त्याच्या डाव्या अंगाला, आमच्या वाटेत, एक माणूस लाल फडकं हलवत वाहनं थांबवत होता. मला तो लांबूनच दिसला होता. यांनाही दिसला असणार असं मी धरून चालले, कारण तो सरळ समोर होता. पण रस्ता तिथं जरा वळत होता. वळता वळता तो माणूस समोरचा राहिला नाही, बाजूचा झाला. आणि पांढरीचा वेग कमी होईना.

"अहो. अहो, माणूस!"

"कुठाय?"

मी हँडब्रेक ओढला. दोन्ही हातांनी, आयुष्यात पहिल्यांदा. मागची चाकं घसरत किंचाळली, गाडी तिरकी झाली, गचके खात बंद पडली. त्या माणसानं दोन्ही तळवे बॉनेटवर टेकले होते, जसं काही त्यानंच ती अडवली होती. लाल फडकं खाली पडलं होतं.

त्यानं शिवी दिली नाही. काचेतून यांच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "काका, दिसत नाय का?"

मागून हॉर्न सुरू झाले. हे समोर बघत बसले होते. मग यांनी किल्ली काढली, माझ्या ओंजळीत ठेवली आणि दार उघडून खाली उतरले. त्या फडकेवाल्यानं आणि पलीकडच्या चहावाल्यानं माझ्याकडून किल्ली घेऊन, हँडब्रेक सोडून, ढकलत पांढरी कडेला लावली. यांनी हात लावला नाही. गाडी ढकलली जाताना बघतही नव्हते.

चहाच्या टपरीशेजारी बाकडं होतं. हे दोन्ही हातांत पेला धरून बसले. मग म्हणाले, "तो पहिल्यापासून तिथंच उभा होता?"

"हो."

"लाल फडकं घेऊन?"

"हो."

"मला तिथं नुसता रस्ता दिसत होता गं. मोकळा रस्ता."

एवढे महिने मला वाटत होतं की हे हट्ट करतात, दिसत नसून दिसतं म्हणतात. तसं नव्हतं. यांना तिथं काळोख दिसत नव्हता, धूसरही दिसत नव्हतं. मोकळा रस्ता दिसत होता. मी यांच्या पाठीवर हात ठेवला.  

मग मी जयवंतीताईंना फोन केला. म्हटलं, गाडी तुर्भ्यात उभी आहे, यांना बरं वाटत नाही, कुणी ड्रायव्हर मिळेल का. त्या म्हणाल्या, "कोन कशाला? मीच येतंय."

रिक्षातून उतरल्या त्या गडद हिरवी साडी, अंबाड्यात अबोली, खांद्याला पर्स. माझ्याच वयाच्या असतील. पर्समधून लायसन्स काढून त्यांनी आम्हांला दाखवलं, न विचारताच. "नवीन हाय. अजून कोनी बघितला पन नाय." म्हणजे त्या या रस्त्यावर ट्रकांमधून पहिल्यांदाच चालवणार होत्या. पण दुसरा मार्ग नव्हता. यांना त्यांनी शेजारी बसवलं. "काका, तुमी मना सांगा. तुमची गाडी, तुमाला ठावं."

मी मागं बसले. इतक्या वर्षांत या सीटवर मी क्वचितच बसले असेन. ही प्रज्ञाची जागा.

पांढरी पहिल्या प्रयत्नात बंद पडली. दुसऱ्याही. मागचा ट्रक इतका जवळ आला की मागच्या काचेत त्याची जाळीच दिसत होती. जयवंतीताईंच्या मानेवर घाम आला.

"घाबरू नका," हे म्हणाले. "वाजवू द्या त्याला. क्लच अर्धा सोडा, थांबा, आता सोडा."

गाडी निघाली. गिअर बदलताना असा आवाज झाला की यांनी डोळे मिटून घेतले, पण आवाज चढवला नाही. "तिसरा टाकताना जरा स्वतःकडं ओढून घ्या. हां, असं." कोपरखैरणे गेलं. ट्रेलर, टँकर, मध्येच घुसणारे डिलिव्हरीवाले. मी दोन्ही सीटांच्या पाठी घट्ट धरून बसले होते.

घणसोलीच्या पुढं एका बंद पडलेल्या बससाठी लेन बदलायची वेळ आली. जयवंतीताईंची नजर समोरून हलेना. त्यांनी विचारलं, "काका, डावीकडनं कोन येतंय का बघा."

 बस जवळ येत होती. हे बघितल्यासारखं करतील आणि मोकळं आहे म्हणतील, या भीतीनं मी तोंड उघडलं, तेवढ्यात हेच म्हणाले, "डावीकडचं मला दिसत नाही. उजवीकडचंही. मागं बाईंना विचारा."

सरळ, वेळ विचारल्यावर सांगावी तसं.

"थांबा," मी म्हटलं, "टेम्पो येतोय. गेला. आता घ्या."

त्यांनी गाडी घेतली.

रेल्वेच्या पुलापलीकडं गाव सुरू होतं. जुन्या घरांच्या जागी चार-पाच मजली इमारती, मधून एक गाडी जेमतेम जाईल अशी गल्ली, आणि गल्ली संपते तिथं एकदम खाजण (भरतीचं पाणी शिरतं ती खाडीकाठची जमीन) आणि तिवरांची हिरवी दाटी. पलीकडं ओहोटीचा चिखल चकाकत होता. जयवंतीताईंनी गाडी अंगणात उभी केली तेव्हा एक कुंडी फुटली. त्या खाली उतरून कुंडीकडं बघत म्हणाल्या, "चला, मानूस तर नाय मारला." हे हसले. दिवसभरातलं पहिलंच हसणं. मला हसू आलं नाही.

त्यांच्या सुनेनं गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आम्ही बाजूला उभे राहिलो. डॅशबोर्डवरची बुद्धाची छोटी मूर्ती यांनी आधीच काढून शर्टाच्या खिशात ठेवली होती. जयवंतीताईंच्या ते लक्षात आलं असावं. "मागच्या काचेवरचा जय भीम?" त्यांनी विचारलं. "काढाचा का ठेवाचा?"

"गाडी तुमची आहे," हे म्हणाले.

"मग र्‍हावदे. खरवडला तर काच खराब व्हायची."

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. तांदळाच्या मऊ भाकऱ्या, निवट्यांचं कालवण (निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) आणि जवळा (वाळवलेली बारीक कोलंबी) कांद्यावर परतलेला. कालवण इतकं तिखट की हे नाक पुसत जेवले.  दारातून पांढरीचं नाक दिसत होतं, बॉनेटवर त्या माणसाच्या तळव्यांचे धुळीतले ठसे अजून तसेच होते. निघताना मी पदरानं ते पुसले.

रबाळे स्टेशनबाहेरून पनवेलकडची बस मिळाली. दुपारची रिकामी बस. हे खिडकीशी बसले, मी शेजारी. तुर्भे आलं तसं यांनी मान खाली घातली आणि तुर्भे जाईपर्यंत वर केली नाही. बेलापूरच्या जवळपास म्हणाले, "मला नीट सांग. कुठपर्यंत दिसत नाही?"

"मला कसं कळणार?"

"हात दाखव. मी समोर बघतो."

यांनी पुढच्या सीटच्या दांडीवर नजर लावली. मी माझा हात यांच्या कानाशी धरला आणि हळूहळू पुढं आणू लागले. गालापाशी आणला. हे काही बोलेनात. डोळ्याच्या कडेपाशी आणला. पापणी हलली नाही. मी आणखी पुढं नेला. कंडक्टर आमच्याकडं बघत होता. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा हे म्हणाले, "आला. आता आला."

मी हात तिथंच धरून ठेवला.  मग यांनी मान जराशी वळवून तो कुठं आहे ते पाहिलं. आपल्या हातानं कानापासून त्या जागेपर्यंतचं अंतर चाचपडत मोजल्यासारखं केलं.

"एवढं सगळं?" हे म्हणाले.

मी हो म्हटलं.

यांनी माझा हात खाली घेतला आणि कामोठ्याचा थांबा येईपर्यंत मांडीवर धरून ठेवला.  प्रवासातून परतलं की घर जरा वेगळं दिसतं, असं मी पूर्वी बऱ्याचदा लिहिलं आहे. ते खरं असतंच असं नाही. सोसायटी तशीच होती, पार्किंगमध्ये आमच्या जागेवर तेलाचा एक काळा डाग होता आणि वॉचमन रिकाम्या जागेकडं बघत विचारत होता, "काका, गाडी?"

"दिली," हे म्हणाले. "मला दिसत नाही आता."

गेटच्या पायरीशी मी यांच्या डाव्या बाजूला आले, आणि यांनी कोपर जरासं बाहेर काढून मला धरायला दिलं.