आमच्यातली थोरली

मी बहिणीच्या आधी जन्मले, आणि म्हणून घरात धाकटी ठरले. हे वाक्य ऐकलं की प्रत्येकाला वाटतं, माझी बोलताना गफलत झाली. झालेली नाही. आम्ही जुळ्या. आधी मी बाहेर आले, मग ती. पण आम्हाला बघायला कळवणहून आलेल्या माझ्या आत्याने दवाखान्यातच निकाल देऊन टाकला. "आधी आली ती धाकटी. एस्टीत आधी चढणारा मागं जाऊन बसतो आन् उतरतो शेवटी. ही शेवटी उतरली, म्हंजी आधी चढलेली. हीच थोरली."

वडील पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. धरणाच्या भिंतीवर पाण्याचा दाब किती येतो हे त्यांना कागद न घेता सांगता यायचं, पण त्यांच्या या बहिणीपुढे त्यांचं इंजिनिअरिंग कधी चाललं नाही. त्यांनी मान डोलावली आणि माझा निकाल लागला. माझ्यानंतर जगात आलेल्या मुलीला मी जन्मभर ताई म्हणत आले. दिवाळीला पहिलं अभ्यंगस्नान ताईचं, गाडीत खिडकी ताईची, आणि भांडण झालं की 'तू थोरली ना, समजून घे' हेही ताईलाच.

दिसायला आमचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. ती उंच, सावळी, कुरळ्या केसांची. मी बुटकी, गोरी, केस केरसुणीसारखे सरळ. तरी कुठल्याही कार्यात कुणीतरी काकू दोघींच्या हनुवट्या धरून 'अगदी सेम टू सेम गं!' म्हणायच्याच. एखादी जास्त चिकित्सक असली तर डोळे बारीक करून 'नाकात किंचित फरक आहे' असं सांगायची. जुळी म्हटलं की लोकांचे डोळे सुट्टीवर जातात.

जुळी का झाली याचंही आमच्याकडे शास्त्र होतं. आईने सत्यनारायणाच्या प्रसादातलं जोडकेळं खाल्लं होतं म्हणे. आई त्यावर काही बोलायची नाही. ती कशावरच फारशी बोलायची नाही. आमच्या घरात बोलण्याचं खातं आत्याकडे होतं, आणि ती कळवणला राहत असली तरी फोन होता.

ताई पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागली. एका सुट्टीत तिने आत्याला तिच्याच मळ्यात बसवून नीट समजावलं. "मका लावताना कधी एका जागी दोन दाणे पडतात ना? तशा आम्ही. बाईच्या पोटात महिन्याला एक बीजांड तयार होतं. आईच्या त्या महिन्यात दोन झाली आणि दोन्ही वेगवेगळी फळली. दोन दाणे, दोन रोपं. कुठल्याही सख्ख्या बहिणींचं असतं तेवढंच आमचं नातं. जी एकसारखी दिसतात त्यांचं बीजांड एकच असतं. ते फळल्यावर सुरुवातीच्या दिवसांत त्याचेच दोन भाग होतात."

आत्या शेतातली बाई, तिला हे एका झटक्यात कळलं. "म्हंजी ती खरी जुळी," ती म्हणाली. "तुम्ही नुसत्या शेजारणी."

ताईला केवढा आनंद झाला. पुढे तिने सांगितलं की बाहेर कोण आधी येणार हे बाळं पोटात कशी बसली आहेत त्यावर ठरतं, आधी कोण रुजलं याच्याशी त्याचा संबंध नाही. आत्याने तेही शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "पण हातातून एक दाणा आधी पडतोच ना? तो तू."

हे सगळं गमतीत खपून गेलं असतं. पण तिशीला टेकता टेकता मला एक मुलगा आवडला. माझ्याच ऑफिसातला, शांत स्वभावाचा, नाशिकमध्येच गंगापूर रोडला आईवडिलांबरोबर राहणारा. घरच्यांनाही तो पसंत पडला. अडचण एकच होती: थोरलीचं व्हायचं होतं.

आणि थोरलीला लग्न करायचं नव्हतं. तिने हे वडिलांना समोर बसून सांगितलं. राग नाही, प्रेमभंग नाही, कुणाची वाट बघणं नाही. नोकरी आहे, मैत्रिणी आहेत, संध्याकाळी सायकल काढून सोमेश्वरपर्यंत जाऊन येते, मला असंच आवडतं, असं ती म्हणाली. घराला हे कळेचना. लग्न न करण्यामागे एखादी दुःखद गोष्ट असती तर सगळ्यांनी डोळे पुसून ती मान्य केली असती. नुसतं आवडत नाही हे कारण आमच्यात भाजीपुरतं चालतं.

मग वर्षभर तिच्यासाठी स्थळं आली. पोहे झाले, चहा झाला, ती प्रत्येकाला गोड हसून नाही म्हणाली. मी तिकडे ताटकळत होते. मला तिचा राग येत नव्हता असं म्हटलं तर ते खोटं होईल. भरपूर येत होता.

शेवटी एका रविवारी आत्या नाशिकला आली आणि घरात बैठक बसली. धाकटीचं आधी केलं तर लोक म्हणणार थोरलीत काहीतरी खोट आहे. मग थोरलीला कोण विचारणार? आणि तेव्हा वडिलांना एकाएकी विज्ञान सुचलं. आधी ताईकडे, मग माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, दवाखान्याच्या हिशेबाने मोठी ही नाहीच, मोठी ती. त्यांनी आमच्या वेळच्या डॉक्टरीणबाईंना फोनही लावला. बाई आता रिटायर झाल्या आहेत, दुपारच्या झोपेतून उठवल्यामुळे वैतागलेल्या होत्या. "सिझर होतं हो," त्यांचा आवाज मला शेजारीही ऐकू आला. "जी हाताला लागली ती आधी काढली. त्यात मोठी-लहान काय?" वडिलांनी फोन ठेवून आम्हाला एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी दुजोरा दिला आहे.

आता आत्या काय म्हणते म्हणून मी श्वास रोखून बसले. जिने एस्टीचा दाखला देऊन मला सगळं बालपण धाकटी ठेवलं, ती आत्या चहाचा घोट घेऊन म्हणाली, "मंग बराबरच हाय. आपण अडाणी लोकं. आता सायन्स लय पुढं गेलंय."

अशी मी एका चहात थोरली झाले. सगळं जुळून आलं: थोरलीचं आधी होणार, आणि तिचं उरकलं की लगेच धाकटीचा नंबर. लग्नपत्रिकेचा मजकूर वडिलांनी स्वतः लिहिला. 'आमची ज्येष्ठ कन्या' असं माझ्या नावाआधी बघून मला गुदगुल्या झाल्या. ताई फक्त म्हणाली, प्रूफ मी तपासून देते.

पत्रिका छापून आल्या त्या दिवशी ताई आणि आई सकाळीच गठ्ठ्यातली एक पत्रिका अलगद काढून घेऊन वणीला गेल्या. आमच्याकडे पहिली पत्रिका सप्तशृंगीपुढे ठेवतात, त्यानंतरच बाकीच्या वाटायच्या. दोघी दुपारी गडावरून प्रसाद घेऊन परत आल्या आणि मग वडिलांनी हौसेने गठ्ठ्याचा दोरा सोडला. पहिल्याच ओळीत लख्ख सोनेरी अक्षरांत होतं: 'आमची कनिष्ठ कन्या'.

प्रेसवाल्याला शिव्या घालायला वडिलांनी फोन उचलला, तेव्हा ताई म्हणाली, "त्याची चूक नाही. मी बदललं."

माझे डोळे भरून आले. मला वाटलं, माझं लग्न खोट्यावर होऊ नये म्हणून ती स्वतःचं नाव खराब करून घेते आहे. मी तिचा हात धरून म्हटलं, "ताई, माझ्यासाठी एवढं नको करूस." ती हात सोडवून घेत म्हणाली, "तुझ्यासाठी कशाला? गप्प बस जरा."

फोन झाला, आत्या संध्याकाळच्या आत हजर. "नव्या छापा," तिने फर्मावलं. पण छापणार कशा? देवीपुढे ठेवलेली पत्रिका खोटी आहे असं कोण म्हणणार? ते धाडस आत्याच्याही अंगात नव्हतं. ती ताईवर उसळली. "अगं, लोक म्हणतील थोरलीत खोट हाय! एक स्थळ येणार नाय तुला!"

"नक्की ना?" ताईने विचारलं. "एकही नाही ना येणार?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला, आणि मी इतकी हसले की वडिलांनी मला आतल्या खोलीत जायला सांगितलं. वर्षभर गोड हसून नाही म्हणून जे साधलं नव्हतं ते तिने एका शब्दात साधलं होतं. वगळलेली थोरली म्हणून तिला आता कुणी विचारणार नव्हतं.

लग्नात ती कार्यालयाच्या दारात गुलाबपाणी शिंपडत उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत होती, "नमस्कार, मी नवरीची थोरली बहीण." बायका कळवळून तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नाही.

पण आत्या हार मानणारी नव्हती. जेवणाच्या पंगतीत माझ्या सासरकडच्या एका बाईंना तिने गाठलंच. त्यांचा मुलगा लग्नाचा होता. मी शेजारी नवऱ्याला घास भरवत होते, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "पत्रिकेत जरा चुकलंय," आत्या म्हणत होती. "खरं तर ती उंच मुलगी धाकटी हाय. दवाखान्याचा दाखला हाय आमच्याकडं."

आई जिलेबी वाढत येत होती. ती थांबली. तिने ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले.

"वन्सं," ती सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थोरली असो की धाकटी, तिला लग्न करायचं नाही. कुणी तिच्या मागे लागू नये, मी गडावर तिच्यासाठी तेवढंच मागून आले. जेवून घ्या."