शेवटपर्यंत कुणी न ऐकलेला अल्बम

मांजरसुंब्याला गुफरानभाईंचं दुचाकीचं गॅरेज आहे. लग्नसराईत ते बँड वाजवतात. वडिलांच्या पितळी बँडमध्ये त्यांनी इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम घातले आणि सहा वर्षांपूर्वी बीडला जाऊन स्वतःच्या आठ धुनांचा अल्बम काढला.

अल्बम एकसारखा झालेला नाही, हे त्यांनाही मान्य आहे. पहिली धून अकरा मिनिटं चालते, शेवटची जेमतेम दोन. सवय वरातीची. निघताना सगळे रमतगमत चालतात; मांडव दिसला की मुहूर्त टळू नये म्हणून बँड पळतो. स्टुडिओत ना वरात होती ना मुहूर्त, तरी पाचव्या धुनेपासून सगळे पळाले.

गुफरानभाईंची इच्छा एवढीच, की कुणीतरी आठही धुना बसून ऐकाव्यात. म्हणून गाडी दुरुस्त करताना ते अल्बम लावतात. गिऱ्हाईक स्टुलावर अडकलेलंच असतं. पण पाचवी लागली की त्यांचे हातही पळतात. सहावी लागते तोवर गाडी तयार आणि गिऱ्हाईक पसार.

"कावून येवढी घाई करता?" पत्नी शाईस्तानं एकदा विचारलं.

"लोकं म्हणतेत, लई झटपट मेकॅनिक हाय."

"अन् बँडवाला?"

"त्ये अजून कुणी म्हनलं न्हाई."

गेल्या महिन्यात चौसाळ्याच्या अंगणवाडीसेविका वनमालाताई स्कूटी घेऊन आल्या. सहावी सुरू होताच स्कूटी तयार झाली. त्यांनी किल्ली घेतली, पण उठल्या नाहीत.

"अजून किती हायेत?"

"ही धरून तीन."

"वाजू द्या. ऊन उतरल्यावर जाते."

आठवी संपली. गुफरानभाई फडक्याला हात पुसत समोर उभे राहिले.

"तीन लई भारी. चार चालतेत. सातवी काढून टाका, गुफरानभाई. क्लॅरनेट एकीकडं, गिटार भलतीकडं."

"ताई, तीच तर माझी खरी!"

"तरीच!"

अर्धा तास वाद झाला. सातवी तीनदा वाजली. ताई मत न बदलता गेल्या.

आता गुफरानभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतात, "सातवीवर वाद हाय. ऐकून जा." गाडी तयार असली तरी लोक थांबतात, मान हलवत ऐकतात, निकाल देतात. आतापर्यंत सगळे ताईंच्या बाजूचे निघाले. शाईस्तासुद्धा.