युसूफचाचांचं ऐलान

देऊळघाटात जामा मशिदीच्या अगदी समोर माझं कटलरीचं दुकान आहे. अशा जागी बसलं की बांगड्या कमी खपतात आणि किस्से जास्त जमतात. घरी सांगायला गेलो की बायको म्हणते, "अगोदर गिऱ्हाईक पाहा!" म्हणून तुम्हाला सांगतो.

* * *

युसूफचाचा मशिदीत अजान देतात. गावात कुणाचं काही हरवलं की माईकवरून ऐलानही तेच करतात. पण त्यांची पद्धत जगावेगळी! लोक शोधणाऱ्यांना हाक देतात, चाचा हरवलेल्याला. शेजारच्या सावित्रीकाकूंची बकरी हरवली, तेव्हा अख्ख्या गावानं ऐकलं, "सोनी बेटा, जहाँ भी हो, मस्जिद के पास आ जाओ. कोई कुछ नहीं बोलेगा!"

हसून हसून आमचं पोट दुखलं. मी विचारलं, "चाचा, बकरीले ऐलान समजते का?"

"शोधनारे तं शोधतातच रे," चाचा म्हणाले. "जो हरपला, त्याच्यासंगं कोन बोलते?"

संध्याकाळी सोनी मशिदीच्या पायरीवर निवांत रवंथ करत बसली होती! काकू म्हणाल्या, "माह्यं तं कधी ऐकत नाही हे!"

* * *

शाळेचे पीटी सर दर शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी माझ्या दुकानात येऊन उभे राहतात. घेत काही नाहीत. नुसते समोर बघतात. एवढा बाजारगलका, आणि एका क्षणात शेकडो माणसं खांद्याला खांदा लावून उभी! मग सगळी एकदम वाकतात. कपड्यांची सळसळ तेवढी ऐकू येते. इतकी वर्षं पाहतोय, तरी बांगड्या मोजता मोजता माझा हात थांबतोच.

सर दर वेळी तेच म्हणतात, "शिट्टी नाही, काठी नाही! कसं जमते हो या लोकायले?"

* * *

देशमुखांच्या सुनेला बाळंतपणात रक्त लागलं. ती बुलढाण्याच्या दवाखान्यात होती. चाचांनी ऐलान केलं आणि इथून इतक्या मोटारसायकली सुटल्या, की दवाखान्याचा वॉचमन गेट लावून घ्यायला लागला. "मोर्चा हाय का हो?"

पहिला जो होता त्यानं नुसती बाही वर केली. नात झाली. आता ती माझ्याकडे रिबिनी घ्यायला येते.

* * *

आता अण्णांचं सांगतो. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना विसरायचा आजार लागला. रस्ते गेले, नावं गेली, शेवटी मीही गेलो. "तुमी कोन हो भाऊ?" असं मला विचारायचे. फार लागायचं ते. मी त्यांना दुकानात स्टुलावर बसवून ठेवायचो.

त्या शुक्रवारी एका बाईला बांगड्या भरत होतो. वळून पाहतो तर स्टूल रिकामं! एका बाजूला बसचा रस्ता, दुसऱ्या बाजूला बिनकठड्याच्या विहिरी.

धावत मशिदीत गेलो, चाचांना सांगितलं. खुतबा, म्हणजे नमाजाआधीचं इमामसाहेबांचं प्रवचन, सुरू व्हायला आला होता. एकदा तो सुरू झाला की आत कुणी शब्द काढत नाही. चाचा बसलेल्या माणसांच्या ओळी ओलांडत थेट इमामसाहेबांकडे गेले. इमामसाहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि माईक चाचांच्या हातात दिला.

"अण्णा, मी युसूफ बोलून राह्यलो. जिथं असान तिथून मशिदीकडे या. कोनी काही बोलनार नाही."

मग इमामसाहेब म्हणाले, "नमाज़ के बाद कोई सीधा घर नहीं जाएगा. हर कोई अपनी गली, अपना कुआँ देखेगा."

मी स्टँडवर पाहिलं, विहिरींवर पाहिलं. कुठंच नाहीत. परत आलो तर नमाज सुटत होती. शेकडो माणसं बाहेर पडली आणि न जेवता चारी दिशांना पांगली. माझ्या बापासाठी! मी पायरीवर उभा राहून ढसाढसा रडलो.

गर्दी सरली. आत शेवटच्या ओळीत, खांबाच्या आडोशाला, एकच माणूस बसून होता. धोतर, डोक्याला बांधलेला रुमाल. बाहेर दाराशी चपला नीट जोडीनं काढून ठेवलेल्या.

मी जाऊन समोर बसलो. अण्णांनी माझ्या ओल्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं.

"काऊन बे गजा," ते म्हणाले, "तू बी हरपला होता का?"