मुक्ताचा विमा

रक्ताची एक पिशवी अंगात जायला तीन-चार तास लागतात. जालन्यातल्या दवाखान्याच्या त्या खोलीत दर तीन आठवड्यांनी तेच सहा पलंग, तीच मुलं आणि तेच आई-बाप. लोकांना वाटतं, आम्ही तिथं रडत बसत असू. रडायला घर असतं. तिथं आम्ही बोलायचो. घरोघरी दारामागे एका पिशवीत पिशव्या साठत जातात ना, कुणी मुद्दाम जमवत नाही, तसे आमचे किस्से साठले.

माझी मुलगी मुक्ता त्यातल्या खिडकीजवळच्या पलंगावरची. थॅलेसेमिया मेजर. ती गेली त्याला आता चार वर्षं होतील. त्या खोलीत माझं आता काही काम नाही. पण तिथलं कुणी भोकरदनच्या बसस्टँडवर भेटलं, की पहिला विषय निघतो तो मुक्ताच्या विम्याचा.

* * *

झालं असं, की ती तेरा वर्षांची असताना तिच्या मामानं आम्हा दोघांना दहा दिवसांसाठी दुबईला बोलावलं. मुक्तानं त्याच दिवशी शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं, म्हणजे आता रद्द करायची सोय उरली नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "रक्त भरलं की दुसऱ्या दिवशी निघा आणि पुढच्या तारखेच्या आत परत या. पण तिचा प्रवास विमा दाखवल्याशिवाय मी विमानाच्या कागदावर सही करणार नाही. तिकडं काही झालं तर?"

भोकरदनला माझा जुना विद्यार्थी गजानन विम्याचं काम करतो. म्हणाला, "सर, चहा पिऊन होईस्तोर पॉलिसी हातात देतो." नाव, वय, पासपोर्ट, सगळं भराभर भरलं. मग आजाराच्या प्रश्नापुढे त्यानं 'होय' केलं. स्क्रीन पांढरी झाली आणि पहिलं पान आलं. पुन्हा भरलं, पुन्हा पहिलं पान. दुसरी कंपनी, तिसरी कंपनी, तेच. चहा तीनदा झाला.

"सर," गजानन म्हणाला, "'होय' म्हटलं की हा कॉम्प्युटर वळखच दाखवून नाही राह्यला."

* * *

मग त्यानं खुर्ची जवळ ओढली. "एक सुचवू का, सर? रागावू नका. 'नाही' करून टाकतो. कोण बघायला येतंय?"

खरं बोलावं हे मी पंचवीस वर्षं मुलांना शिकवलं, त्यातलाच हा एक. आणि खरं बोलायचं तर, मी त्याला अडवणार नव्हतो.

माझ्या शेजारी बसलेली मुक्ता म्हणाली, "गजूदादा, मंग तिथं माझ्या गोळ्या सापडल्या तर काय सांगू? शेंगदाणे?"

* * *

टेंभुर्णीचे अंकुशराव मेंढ्या राखतात. त्यांचा किशोर मुक्ताच्या शेजारच्या पलंगावर असायचा. आमची हकिगत ऐकून ते म्हणाले, "सर, तुमचं चुकून राह्यलं. माझ्या मेंढरांचा विमा निघाला ना. जनावरांचा डॉक्टर आल्ता. कानात बिल्ला मारला, फोटो काढला, झालं."

"आणि किशोरचा?"

"त्याचा न्हाई निघाला."

"का?"

"त्याच्या कानात बिल्ला न्हाई."

मुक्तानं केस मागे सारून कान पुढे केला. "मारा मंग. सोन्याचा मारा."

अंकुशरावांनी कान नीट निरखून पाहिला. "सोन्याचा नको, पोरी. चोरीला जातो. पिवळा प्लास्टिकचाच टिकतो."

* * *

एका कंपनीनं मात्र अर्ज घेतला. म्हणाले, खात्री करायला फोन येईल. फोन आला तेव्हा मी शाळेत, आणि उचलला माझ्या आईनं.

आता आमच्या खोलीतल्या कुठल्याच घरात रक्त भरण्याला आजार म्हणत नाहीत. आजार म्हणजे ताप, खोकला, जुलाब. रक्त म्हणजे 'भरायला जाणं', गिरणीवर दळण टाकायला जावं तसं. त्यामुळे पलीकडच्या माणसानं मुलीला काही आजार आहे का विचारल्यावर आई ठसक्यात म्हणाली, "बिलकुल न्हाई. ठणठणीत हाय माझी नात. कालच रक्त भरून आली."

"रक्त? कधीपासून भरता?"

"सहा महिन्यांची असल्यापासून. एकदाबी तारीख चुकली न्हाई."

आठवड्यानं नकार आला. कारण दिलं होतं, माहितीत विसंगती. आई म्हणाली, "मी तर चांगलंच सांगितल्तं."

* * *

त्यानंतर गजाननानं कुठूनशी एक पॉलिसी खरोखरच काढून आणली. छापील, सही-शिक्क्याची. पेढेही आणले. मुक्ता पेढा खात पान उलटून बारीक अक्षरं वाचत बसली. रक्ताशी संबंधित काही झालं तर मिळणार नाही. यकृत नाही, प्लीहा नाही, हृदय नाही, हाडं नाहीत, आणि या सगळ्यांमुळे जे काही होईल तेही नाही.

"मंग यांनी विमा कुणाचा काढला?"

गजानन चाचरला. "तसं न्हाई. बॅग हरवली तर पूर्ण भरपाई आहे ना."

"म्हणजे माझ्यापेक्षा बॅगेची तब्येत चांगली," मुक्ता म्हणाली आणि दुसरा पेढा उचलला.

मॅडमनी तो कागद एका बोटानं माझ्याकडे परत सरकवला. निघायला नऊ दिवस उरले होते. त्या आठवड्यात मुक्ता शाळेत गेली नाही. पोट दुखतंय म्हणाली. पोट दुखत नव्हतं.

* * *

शेवटी आठव्या की नवव्या कंपनीतल्या एका बाईंनी फोन आपटला नाही. बोलण्यावरून नागपूरकडच्या वाटल्या. हिमोग्लोबिन किती, लोह किती, गोळ्या कोणत्या, सगळं विचारलं. मॅडमशी अर्धा तास बोलल्या. मग म्हणाल्या, "मुलीला द्या." मी स्पीकर लावला.

"बाळा, रक्त आणि गोळ्या सोडून आणखी काही त्रास?"

"गजूदादा. रोज फोन करतो."

बाई हसल्या बहुतेक. नेहमीचं रक्त भरणं त्यांनी धरलं नाही, पण याच आजारामुळे जिवावर बेतलं तर तिकडचा दवाखाना धरला. मॅडमनी सही केली. माझाही विमा काढायचा होता. तो तीन मिनिटांत निघाला. मला कुणी काहीच विचारलं नाही.

"तुमच्यात बघण्यासारखं काही न्हाईच ना, पप्पा," मुक्ता म्हणाली.

* * *

दुबईत पहिले तीन दिवस मी तिच्याकडेच बघत होतो. दमली का, पिवळी दिसते का, जिना चढताना थांबली का. तिनं काचेतून मासे पाहिले, वाळूत उंटावर बसली, मामाच्या खर्चानं तीन चपला घेतल्या. चौथ्या दिवशी दुपारी जेवताना माझ्याच कमरेत अशी कळ आली, की ताट सोडून मी फरशीवर बसलो. मुतखडा. जालना जिल्ह्यात इतकी वर्षं गप्प बसलेला, त्यालाही दुबईच बघायची होती.

मामानं दवाखान्यात नेलं आणि विम्याचे कागद घेऊन तो खाली खिडकीवर गेला. नर्स सुई घेऊन आली. मुक्तानं माझा हात उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "सिस्टर, वो नस भागेगी. ये वाली लो."

नर्सनं विचारलं, "डॉक्टर की बेटी हो?"

"नहीं. पेशंट हूँ."

नर्सनं पलंगावरच्या माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि सुई तिनं दाखवलेल्या शिरेत घातली. सलाईन सुरू झालं. मुक्ता पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली. उठली, परत बसली. बाटलीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, परत बाटलीकडे.

"कंटाळलीस?" मी विचारलं.

"न्हाई."

थेंब पडत राहिले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही एवढी वर्षं असं खुर्चीत बसून राह्यले? त्यापेक्षा पलंग लय सोपा असतो."