दाजींना दुखत नव्हतं

आपलं आजारपण दाजींइतक्या थाटात मिरवणारा दुसरा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात झाला नाही, आणि देवाच्या दयेनं होऊही नये. दाजी म्हणजे आमच्या आक्काचे यजमान, कासार आंबोलीचे शेतकरी. मधुमेह त्यांना ऐन उमेदीतच जडला. "साखरंचा आजार गोरगरिबाला होत न्हाई," असं ते पाटीलकी मिळाल्यासारखं सांगत. त्या काळी लघवी निळ्या औषधात घालून उकळायची. रंग निळाच राहिला तर ठीक, विटकरी झाला तर साखर भरपूर. पौडच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं की दाजी चार दिवस आधीपासून मेथीची भाजी आणि अर्धी भाकरी यांवर राहत, परीक्षेपुरता अभ्यास करणाऱ्या पोरासारखे. रंग निळा आला की दवाखान्यातून थेट बाजारातल्या हलवायाकडे, जिलबी खायला. "आता पुढल्या तपासणीपत्तुर मोकळीक हाय," म्हणत.

एकदा डॉक्टर वैतागले. "अहो, इतक्या वर्षांची साखर, त्यात रक्तदाब, विड्या आणि हे पोट. यानं नसा बधिर होतात. आज पायाच्या, उद्या हृदयाच्या. उठून उभं राहिलं की भोवळ येते ना?"

"येती की," दाजी म्हणाले. "पर दुकत कुटं काय न्हाई." दुखत नाही तो आजारच नव्हे, असा त्यांचा कायदा होता, आणि त्यावर अपील नव्हतं.

पूर्वी याच दाजींना बाभळीचा काटा लागला की गाव गोळा होई. आक्का सुई घेऊन बसायची आणि हे असे ओरडायचे की गोठ्यातले बैल बुजत. पुढे काटे बोचेनासे झाले. एकदा भातलावणीहून आले ते तळपायात काटा घेऊनच. रक्त आक्काला दिसलं, यांना पत्ता नाही. झालं, आपण आता मर्द गडी झालो असं त्यांनी चावडीवर जाहीर करून टाकलं. आक्का तेवढी घाबरली. "अवं, ह्ये चांगलं न्हाई," म्हणायची आणि रोज रात्री त्यांचे तळवे चाचपून बघायची.

पुतणीच्या लग्नात जिलबीचा आग्रह जोरात चालला होता, आणि आग्रहाचा अपमान दाजींनी जन्मात केला नव्हता. अचानक त्यांना दरदरून घाम फुटला, धाप लागली. "उकडतंय जरा," म्हणाले. छातीत दुखतंय का, असं आक्कानं दोनदा विचारलं. "न्हाई गं," म्हणून त्यांनी पाणी मागितलं आणि भिंतीला टेकून बसले. बऱ्याच वेळानं पुण्याला नेलं, तोवर उशीर झाला होता. हृदयविकाराचा झटका होता, नसा बधिर झाल्यामुळे कळ आलीच नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

दाजींची चेष्टा मी आजही करतो, कारण त्याशिवाय त्यांची आठवण सोसत नाही. आक्काच्या कोनाड्यात ती सुई अजून आहे. परवा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "येवड्याशा काट्यापायी घर डोक्यावर घ्यायचे. त्या दिशी येकदा तरी 'आई गं' म्हनायचं व्हतं त्यांनी. म्या भरल्या पंगतीतनं उचलून नेलं असतं."