चंद्रीला सांगितलेलं

देवणीत आमच्या शेजारी गुरुपादप्पा राहतात. किराणा दुकानात गिऱ्हाइकाशी तासभर बोलतील, पण घरात पाऊल टाकलं की यांची वाचा बसते. घरच्यांना काही सांगायचं असलं की ते दावणीच्या गाईला सांगतात. "चंद्रे, आज चहात साखर पडली न्हाई वाटतं." की आतून साखरेचा डबा वाजतो. लेकी बोले सुने लागे म्हणतात, यांना लेक नाही म्हणून गाय.

मागच्या महिन्यात मात्र विषय अवघड निघाला. नातू शिवांश सव्वा वर्षाचा झाला, तरी अंगावर पितो. गुरुपादप्पांच्या बायकोनं, शिवगंगाबाईंनी, जाहीर केलं, "सोमवारी दूध तोडायचं. पोरगं जेवत न्हाई, सून वाळून चालली." सून सृष्टीच्या मनात नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला सांगितलं होतं, वरण-भात चारा आणि दोन वर्षं खुशाल पाजा. तिनं नवऱ्याकडं बघितलं. सिद्धेश्वर "आई म्हणते तसं कर" म्हणाला आणि दुकानाकडं सटकला. बापाचं वळण, दुसरं काय!

रविवारी संध्याकाळी मी रतिबाचं दूध आणायला चरवी घेऊन गेले. ओसरीत शिवगंगाबाई पाट्यावर कडुलिंबाचा पाला वाटत होत्या. सृष्टी दारात उभी होती, डोळे भरलेले, आणि पोरगं तिच्या पदरात तोंड खुपसून निवांत. गुरुपादप्पांनी वासराला पान्ह्यासाठी सोडलं, खाकरले, आणि भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले,

"चंद्रे, तुझं वासरू कवा तोडायचं ते तूच ठरवतीस. नको झालं की लाथ झाडतीस. मी कधी तुझ्या आचळाला लिंब लावला का?"

सुनेसमोर असला विषय काढल्यानं म्हाताऱ्याचे कान लाल झाले होते. सृष्टीला रडता रडता हसू फुटलं. मलाही फुटलं, पण मी शेजारीण, मी चरवीत तोंड घातलं.

पाटा चालूच होता.

आता गुरुपादप्पांनी गप्प बसावं की नाही? पण एकदा तोंड उघडलं ते मिटेना. "आमच्या घरी उलटं झालं, चंद्रे. सिद्धू दहा महिन्यांचा व्हता. माझी आई म्हणली, लिंब लाव. हिनं लावला. पोरगं रडायचं, ही न्हाणीत जाऊन रडायची, अंगावरलं दूध पिळून टाकायची. तीन दिवस. मी दुकानात बसून राहिलो. तुला काय वाटतं, असं एकदाबी विचारलं न्हाई हिला."

पाटा थांबला. शिवगंगाबाई हिरव्या हातांनी उठल्या.

"गाईला काय सांगत बसलात? मी बहिरी हाय का? मला सांगा."

गुरुपादप्पांनी सवयीनं चंद्रीकडं बघितलं. चंद्री कडबा खात होती. मग ते वळले.

"चुकलं माझं," ते बायकोला म्हणाले.

छत्तीस वर्षांनी. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगते, हेवाही वाटला. आमच्याकडं गायही नाही.

शिवगंगाबाईंनी कोपरानंच डोळे पुसले. वाटलेला पाला ताटलीत काढून नवऱ्यापुढं आदळला. "घ्या. तिच्या गोचिडांवर लावा." मग सुनेकडं वळून जरा घुश्शातच म्हणाल्या, "आन् तू गं? तुला तोंड न्हाई का? कवा तोडायचं, बोल."

"आत्ताच न्हाई, आत्या," सृष्टी म्हणाली. "मला वाटंल तवा सांगते."

"सांग. पर मला सांग, गाईला नको."

एवढ्या वेळात वासराकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यानं चारही आचळं कोरडी केली होती आणि तोंडाला फेस घेऊन उभं होतं. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी आणि आमच्याही घरी कोरा चहा झाला. दोन्ही घरांत मिळून पोटभर दूध प्यालेले दोघंच होते.