एकच पंख

शब्दकोशाच्या कचेरीत बावीस वर्षं घासून कोशकाका एकदाचे ‘पंख’पर्यंत पोचले. या वेगाने ‘ज्ञ’ गाठायला आणखी दोन जन्म लागले असते, पण त्यांना तरी कुठे जायची घाई होती? शब्दाचं कूळ त्यांनी झटक्यात लिहिलं: संस्कृत ‘पक्ष’, प्राकृत ‘पक्ख’, मग आपला ‘पंख’. घोडं अडलं ‘पंख छाटणे’पाशी. ‘पक्ष्याचे दोन्ही पंख कापणे, लाक्षणिक अर्थी, स्वातंत्र्य हिरावणे,’ असं त्यांनी कार्डावर लिहिलं. संपादकबाईंनी शेरा मारून ते परत धाडलं: ‘जन्मात कधी कोंबडी धरली आहे का?’

धरली नव्हती. खाल्ली होती.

म्हणून रविवारी ते थोरल्या बहिणीकडे गेले. ताईच्या परसात चौदा कोंबड्या होत्या, आणि तिच्या मते एकूण एक भावापेक्षा कामसू. सोबत त्यांची मुलगी होती. पूल बांधणाऱ्या कंपनीकडून दूरच्या शहरातून तिला यंदा नोकरीचं तिसरं बोलावणं आलं होतं. पहिलं बाबांच्या गुडघ्यापायी हुकलं, दुसरं रक्तदाबापायी. या खेपेस सोमवारपर्यंत कळवायचं होतं, आणि काका पुन्हा सगळ्यांना दिसेल अशा बेताने गोळी घ्यायला लागले होते.

ताईने कोंबडी काखेत दाबली, एक पंख पसरला आणि लांब पिसं कात्रीने कापली.

“आता दुसरा,” काका म्हणाले.

“दुसरा कशाला? दोन्ही कापले तर तोल राहतो, धडपडत का होईना कुंपणापार जाते. एकच कापला की कलंडते. वर घर सोडत नाही म्हणून लोक म्हणतात, केवढी लाडाची.”

काकांनी लिहून घेतलं. “हे कायमचं?”

“छे. जुनी पिसं गळतात, नवी येतात. दरवर्षी कापावं लागतं.”

मुलगी कोंबडीकडेच बघत राहिली. काकांना लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, कारण ही गेल्यावर घरात बोलायला भिंतीच उरणार होत्या.

घरी आल्यावर त्यांनी कार्डावरचं ‘दोन्ही’ खोडलं.

“होकार कळव,” ते म्हणाले. “आणि ती रक्तदाबाची गोळी... पेपरमिंटची आहे.”

“ठाऊक आहे, बाबा. गेल्या खेपेपासून वास येतोय.”

काकांनी डबी पुढे केली. तिने एक गोळी तोंडात टाकली आणि पत्र लिहायला बसली.